एक शाळा, दोन प्रमाणपत्रे

१९२६ मध्ये कमला नेहरूंच्या उपचारांसाठी नेहरू कुटुंब स्वित्झर्लंडला गेले. तिथे आठ वर्षांच्या इंदिरेला जिनिव्हातल्या 'एकोल आंतेर्नास्योनाल', म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळेत घालण्यात आले. शाळा तेव्हा जेमतेम दीड-दोन वर्षांची होती. पुढे हीच मुलगी पुण्यात आली. जहांगीर आणि कुंवरबाई वकील या दांपत्याच्या 'प्युपिल्स ओन स्कूल'मध्ये ती शिकली आणि १९३४ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाली. जिनिव्हाच्या शाळेत निरनिराळ्या देशांची मुले एका बाकावर बसत. पण त्या शाळेकडे स्वतःची परीक्षा नव्हती. मुंबईच्या मॅट्रिकला त्या व्यापक जगाशी काही देणेघेणे नव्हते. पण कॉलेजात प्रवेश तिच्याच जोरावर मिळे.

एकीकडे असे शिक्षण आणि दुसरीकडे तशी परीक्षा, ही फारकत सांधायला जिनिव्हाच्या शाळेला चाळीसहून अधिक वर्षे लागली. आज मुंबई-पुण्यातल्या शाळांच्या फाटकावर 'आयबी' ही अक्षरे दिसतात. ती बाहेरून आलेली श्रीमंती चैन आहे असे अनेकांना वाटते, आणि त्यांच्या फीकडे पाहिले तर तसे वाटण्यात काही चूक नाही. पण या अभ्यासक्रमाचा जन्म श्रीमंतीच्या हौसेतून झालेला नाही. एकाच शाळेला चार देशांच्या परीक्षा घ्याव्या लागत होत्या, आणि त्या ओझ्याने वाकलेल्या शिक्षकांनी तो घडवला.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचे मुख्यालय जिनिव्हात आले, तसेच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचेही. देशोदेशीचे अधिकारी बायका-मुलांसह शहरात राहू लागले. या मुलांना शिकवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. ती दोन-चार वर्षांनी मायदेशी परतणार होती. स्विस शाळेत घातली तर तिथला अभ्यास परतल्यावर उपयोगाचा नव्हता. राष्ट्रसंघात काम करणारे अमेरिकन आर्थर स्वीटझर, संघाच्या आरोग्य विभागाचे प्रमुख पोलिश डॉक्टर लुडविक रायखमन आणि नव्या शिक्षणपद्धतीचा ध्यास घेतलेले स्विस शिक्षणतज्ज्ञ अडॉल्फ फेरिएर यांनी पुढाकार घेतला. सप्टेंबर १९२४ मध्ये फेरिएर यांच्याच लाकडी घरात शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुले होती आठ. १९२९ मध्ये शाळा 'ला ग्रांद ब्वासिएर' या प्रशस्त आवारात गेली आणि आजही तिथे आहे.

त्याच वर्षी मारी-तेरेझ मोरेत मुख्याध्यापिका झाल्या आणि वीस वर्षे त्या पदावर राहिल्या. या बाईंचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असायला हवे. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा प्रत्येक मुलाला आल्याच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. भूगोल त्या स्वतःच्या देशापासून सुरू करत नसत, पृथ्वीच्या गोलापासून करत. इतिहासात राजे आणि लढाया लहान वयात नकोत, आणि पुढे शिकवताना एकाच काळात जगाच्या वेगवेगळ्या भागांत काय चालले होते ते शेजारी शेजारी ठेवून शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर युनेस्कोने त्यांना प्रश्न विचारला की शांततेसाठी शिक्षण देण्याची काही तंत्रे खरोखर अस्तित्वात आहेत का. मोरेत यांनी १९४८ मध्ये आपल्या शाळेच्या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. तिच्यात भाषणबाजी नाही. वर्गात काय करायचे ते सांगितले आहे.

पण मुले सोळा वर्षांची झाली की हे सगळे मागे पडे.

कारण परीक्षा. स्विस विद्यापीठात जायचे तर 'मॅच्युरिते', फ्रान्समध्ये जायचे तर 'बाकालोरेआ', इंग्लंडसाठी जीसीई आणि अमेरिकेसाठी कॉलेज बोर्डाच्या चाचण्या. दहा वर्षे एकत्र शिकलेल्या मुलांना शेवटच्या दोन वर्षांत देशांनुसार वेगळे करावे लागे. भौतिकशास्त्राचे नियम सगळीकडे तेच. पण अभ्यासक्रम चार, प्रश्नांच्या तऱ्हा चार. एकेका वर्गात तीन-चार मुले उरत आणि त्यांच्यासाठी वेगळा शिक्षक नेमावा लागे. खर्चाची बाजू तर होतीच. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की जग एक आहे हे शिकवायला काढलेली शाळा शेवटी मुलांना पासपोर्टानुसार वेगवेगळ्या खोल्यांत बसवत होती. इतिहासाच्या तासाला तर ही विसंगती उघडीच पडे. नेपोलियन फ्रेंच परीक्षेसाठी एक आणि इंग्रज परीक्षेसाठी दुसरा.

१९५१ मध्ये अशा शाळांची 'इंटरनॅशनल स्कूल्स असोसिएशन' ही संघटना जिनिव्हातच स्थापन झाली. १९६२ मध्ये तिच्या विद्यमाने सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची एक छोटी परिषद भरली. आयोजक होते शाळेचे इतिहासशिक्षक रॉबर्ट लीच. सगळ्या आंतरराष्ट्रीय शाळांसाठी एक समान परीक्षा असावी, असा विचार या परिषदेत मांडला गेला. मंत्री नाहीत, कुलगुरू नाहीत, मोठा निधी नाही. वर्गात शिकवणारी मंडळी. लीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली ती सर्वांत अवघड विषयापासून, समकालीन इतिहासापासून. पुढच्याच वर्षी या विषयाची परीक्षा प्रत्यक्ष घेऊनही पाहिली. विसाव्या शतकाच्या इतिहासावर देशोदेशीच्या परीक्षकांचे एकमत होऊ शकते, तर मग गणितावर आणि रसायनशास्त्रावर का होणार नाही? हा पहिला प्रयोग त्या एका विषयापुरता होता, पण पुढच्या सगळ्या इमारतीची परीक्षा त्याच्यातच झाली.

मग पैसा आला. न्यूयॉर्कच्या 'ट्वेंटिएथ सेंच्युरी फंड'ने ७५ हजार डॉलर दिले, पुढे 'फोर्ड फाउंडेशन'ने ३ लाख डॉलर. शाळेच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख डेस्मंड कोल-बेकर आणि तत्त्वज्ञानाचे शिक्षक जेरार रेनो हे या कामात पहिल्यापासून होते. आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शिक्षण विभागाचे संचालक अलेक पीटरसन त्यांना येऊन मिळाले.

पीटरसन यांचे इंग्लंडमध्ये एक जुने भांडण होते. तिथली मुले सोळाव्या वर्षीच तीन विषय निवडत; विज्ञानाचा मुलगा कविता सोडून देई आणि भाषेची मुलगी गणित. इतक्या लवकर असे तुकडे पाडू नयेत, असे ते कळकळीने मांडत आले होते. फ्रेंच पद्धत दुसऱ्या टोकाला होती. तिथे विषयांची इतकी गर्दी, की पाठांतराशिवाय गत्यंतर नाही. नव्या परीक्षेने मधला मार्ग काढला: सहा विषय, त्यांतले तीन सखोल आणि तीन जरा कमी खोलीचे. त्यांत स्वतःची भाषा आणि तिचे साहित्य, एक दुसरी भाषा, एक मानव्यशास्त्र, एक विज्ञान आणि गणित हवेच. त्याशिवाय आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून ठाऊक आहे, हे तपासायला लावणारा एक अभ्यास. स्वतः निवडलेल्या विषयावरचा दीर्घ निबंध. आणि वर्गाबाहेरची कला, श्रम, समाजसेवा. प्रत्येक विषयाला ७ पर्यंत गुण आणि निबंध वगैरेंचे मिळून आणखी ३, असे एकूण ४५. या आकड्यांवर आज मुंबईतल्या घराघरांत चर्चा होते. पण त्यांच्यामागे फ्रेंच तत्त्वज्ञानाचा तास आणि इंग्रज विशेषीकरणाविरुद्धची तक्रार आहे, याची आठवण कुणी फारशी काढत नाही.

ऑक्टोबर १९६८ मध्ये 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट'ची, म्हणजे आयबीची, जिनिव्हात रीतसर नोंदणी झाली. पीटरसन पहिले महासंचालक. पण नोंदणी झाली म्हणून प्रमाणपत्राला किंमत येत नाही. ती येते विद्यापीठाने ते स्वीकारल्यावर. या लोकांचे शहाणपण असे, की त्यांनी हे आधीच ओळखले होते. १९७० ते १९७६ हा काळ त्यांनी जाहीरपणे प्रयोगाचा म्हणून घोषित केला आणि दरवर्षी बसणाऱ्या उमेदवारांच्या संख्येवरही मर्यादा घातली, जेणेकरून विद्यापीठांना निर्धास्तपणे होकार देता यावा. दरम्यान विद्यापीठांशी आणि सरकारांशी बोलणी चालूच होती. विद्यार्थी विद्यापीठात जाऊन कसे टिकतात यावर लक्ष ठेवले गेले. या काळात एकेका शाळेने वेगवेगळे धोरण धरले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या कल्पनेतून १९६२ मध्ये वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्यात सुरू झालेल्या अटलांटिक कॉलेजने १९७१ मध्ये इंग्लंडची 'ए लेव्हल' पूर्णपणे सोडली आणि नव्या परीक्षेवर सर्वस्व लावले. जिनिव्हाच्या शाळेने मात्र स्विस आणि फ्रेंच परीक्षा पुढेही चालू ठेवल्या. ज्या शाळेने समान परीक्षा जन्माला घातली, तिनेच राष्ट्रीय परीक्षा शेजारी राहू दिली. स्विस किंवा फ्रेंच विद्यापीठात जाणाऱ्या मुलासाठी तोच मार्ग सरळ होता, आणि शाळेने तत्त्वापेक्षा मुलाची सोय पाहिली. हा निर्णय योग्यच होता.

आपल्याकडे एका गावात दोन परीक्षा नांदण्याची रीत याहून कितीतरी जुनी आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. स्वतः न शिकवता परीक्षा घेणारे विद्यापीठ. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या पहिल्या तुकडीतले. नेमक्या त्याच सुमारास, १८५८ मध्ये, केंब्रिज विद्यापीठाने इंग्लंडातल्या शाळांसाठी स्थानिक परीक्षा सुरू केल्या होत्या. परीक्षक कुलूपबंद पेट्यांतून प्रश्नपत्रिका घेऊन आगगाडीने गावोगाव जात. १८६० च्या दशकात त्या पेट्या समुद्र ओलांडून वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला पोचल्या आणि पुढे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात. हिंदुस्थानातल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन शाळांनी 'सीनियर केंब्रिज' स्वीकारले. मुंबईत मग दोन रस्ते झाले. एक विद्यापीठाच्या मॅट्रिकचा, दुसरा केंब्रिजचा. पहिल्यावरून कारकून, वकील, मास्तर, मामलेदार घडले. दुसरा रस्ता इंग्लंडच्या दिशेने जाई. पण हे रस्ते पुढे एकमेकांना मिळतही. फोर्टातल्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेतून सीनियर केंब्रिज झालेले होमी भाभा आधी एल्फिन्स्टन कॉलेजात आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले आणि मग १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. परदेशी प्रमाणपत्र हाती असलेला मुलगा मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात बसू शकत होता, कारण कुणीतरी या दोन परीक्षांची बरोबरी ठरवून ठेवली होती. 'समकक्षता' हा शब्द आज प्रवेशाच्या अर्जांवर रूक्ष वाटतो. त्याचे मूळ या व्यवहारात आहे.

या व्यवहारात मराठीचे काय झाले, हा भाग मात्र दुखरा आहे. मुंबई विद्यापीठात सुरुवातीला देशी भाषांना जागा होती. १८६० च्या दशकातच मॅट्रिकच्या पुढच्या परीक्षांतून त्यांना काढून टाकण्यात आले; मान मिळाला तो संस्कृत, लॅटिन, फारसीसारख्या अभिजात मानल्या गेलेल्या भाषांना. म्हणजे परदेशी परीक्षेने मराठीला बाहेर ठेवले असे म्हणावे, तर आपल्या 'देशी' विद्यापीठानेही तेच केले. न्यायमूर्ती रानड्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, मराठी ग्रंथसंपदेचा आढावा घेतला, विद्यापीठात ठराव मांडले. १९०१ च्या जानेवारीत ते गेले, त्याच्या थोडेसे आधी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला पुन्हा प्रवेश मिळाला. परीक्षेत भाषेला स्थान नसेल तर शाळेतही ती हळूहळू ओसरीवर येते, हे रानड्यांना कळले होते.

स्वातंत्र्यानंतर केंब्रिजचे काय करायचे, हा प्रश्न आलाच. १९५२ मध्ये शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षणाच्या प्रमाणपत्राविषयी एक अखिल भारतीय परिषद झाली. परदेशी परीक्षेच्या जागी अखिल भारतीय परीक्षा आणण्याचा विचार तिथे झाला, आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये अँग्लो-इंडियन शिक्षणाच्या आंतरराज्य मंडळाने त्यासाठी परिषद स्थापण्याचा प्रस्ताव मंजूर केला. ३ नोव्हेंबर १९५८ रोजी नवी परिषद स्थापन झाली. फ्रँक अँथनी तिचे संस्थापक अध्यक्ष. आज ज्या परीक्षांना 'आयसीएसई' आणि 'आयएससी' म्हणतात त्या या परिषदेच्या. बदल एका रात्रीत झाला नाही. बरीच वर्षे केंब्रिजच्या सहकार्यानेच परीक्षा चालल्या आणि क्रमाक्रमाने सूत्रे भारतीय हातांत आली. राष्ट्रीय झालेली ही परीक्षा मुळात आंतरराष्ट्रीय परीक्षेच्याच पोटातून निघाली आहे, हे 'आपले' आणि 'परके' अशी विभागणी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. इकडे मराठी मुलुखातही मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून गेली, 'एसएससी' आली, आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, जिनिव्हाचा अभ्यासक्रम भारतात उतरला. मुंबईत नव्हे, तर तामिळनाडूतल्या कोडाईकनालच्या डोंगरावर. तिथली शाळा १९०१ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघाली होती आणि अमेरिकी अभ्यासक्रमावर चालत होती. मिशनरी कमी होत गेले, भारतीय कुटुंबांतली मुले वाढली, आणि शाळेला प्रश्न पडला की आता आपण कुणासाठी आहोत. अमेरिकी पदविका चालू ठेवून शेजारी आयबी आणणे, हे तिने काढलेले उत्तर. भारतात आयबी देणारी ती पहिली शाळा. पण भारतीय विद्यापीठांच्या दृष्टीने हे प्रमाणपत्र अजून अनोळखी होते. १९८३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघाने, म्हणजे १९२५ च्या आंतरविद्यापीठ मंडळाच्या वारसदाराने, आयबी पदविकेला बारावीच्या बरोबरीची मान्यता दिली. कोडाईकनालची सुरुवात आणि ही मान्यता यांच्यात सात वर्षे गेली. त्या सात वर्षांत ज्या पालकांनी मुलांना या परीक्षेला बसवले, त्यांची हिंमत मोठीच म्हणायची.

महाराष्ट्रात ही लाट जोरात आली ती १९९० च्या दशकाच्या शेवटी. १९९७ मध्ये मुळशी तालुक्यात खुबवलीच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. वेल्सच्या अटलांटिक कॉलेजच्या कुळातलीच ही संस्था. तिच्या इमारती ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखल्या. मुंबईत २००३ मध्ये धीरूभाई अंबानी इंटरनॅशनल स्कूल निघाले. तिथे आठवीपासून आयसीएसई आणि केंब्रिजची आयजीसीएसई असे दोन्ही रस्ते ठेवले गेले आणि अकरावी-बारावीला आयबी. कॅथीड्रलसारख्या जुन्या शाळेनेही आयएससीच्या शेजारी आयबीला जागा दिली. भाभांच्या शाळेत पुन्हा दोन परीक्षा नांदू लागल्या.

अशा शाळेच्या आत काय घडते, हे बाहेरून दिसत नाही. एकाच आवारात दोन वेळापत्रके चालतात. एका तुकडीच्या परीक्षा मार्चअखेर संपतात, तर दुसरीच्या मे महिन्यात. निकाल एकीचा मेमध्ये, दुसरीचा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तोवर महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागू लागलेल्या असतात. आयबीच्या मुलांना मग शाळेने वर्तवलेल्या गुणांवर तात्पुरता प्रवेश मिळवावा लागतो. शिक्षकांचेही तसेच. एकच शिक्षक सकाळी ठरावीक उत्तराची तयारी करून घेतो आणि दुपारी मुलाला स्वतःचा प्रश्न शोधून त्यावर चार हजार शब्द लिहायला लावतो. दोन्ही कौशल्ये वेगळी आहेत आणि दोन्हींचे प्रशिक्षण वेगळे लागते. हे प्रशिक्षण न देता फक्त फलक बदलणाऱ्या शाळाही निघाल्या, आणि त्यांनी या अभ्यासक्रमाचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे.

भाषेच्या बाबतीत मूळ कल्पना आणि इथला व्यवहार यांतले अंतर मनाला लागते. लीच, रेनो, पीटरसन यांच्या आराखड्यात मुलाची स्वतःची भाषा आणि तिचे साहित्य पहिल्या स्थानावर आहे. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसेल तर मुलाने स्वतः अभ्यास करून परीक्षा द्यावी, अशीही सोय ठेवलेली आहे. आपल्या शाळांत मात्र बहुतेक मराठी मुले इंग्रजीलाच पहिली भाषा मानून पुढे जातात. मराठी साहित्याचा अभ्यास हा या पदविकेचा भाग होऊ शकतो, हे अनेक पालकांच्या गावीही नसते. २०२० मध्ये विधिमंडळाने कायदा करून राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. पहिली आणि सहावीपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. करोनाच्या काळात मागे पडलेल्या तुकडीसाठी २०२३ मध्ये सवलत देऊन गुणांऐवजी श्रेणी देण्याचे ठरले. कायदा आवश्यक होताच. पण सक्तीने आलेला मराठीचा तास आणि साहित्य म्हणून मनापासून निवडलेली मराठी यांत फरक आहे, आणि दुसरी गोष्ट आयबीच्या चौकटीतच उपलब्ध असताना ती कुणी मागत नाही, याची खंत वाटते.

या कायद्याच्या आधी, २०१८ मध्ये, महाराष्ट्र सरकारने एक धाडसी पाऊल टाकले होते. विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना 'महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ' स्थापन झाले. त्यात पहिल्यांदा निवडलेल्या १३ शाळा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या होत्या; शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा त्यांतली सर्वांत गाजलेली. गावकऱ्यांनी जमीन दिली, वर्गणी दिली, आणि शाळेत प्रवेशासाठी शहरातले पालक रांग लावू लागले. जगाच्या दर्जाचा अभ्यासक्रम मराठी माध्यमात, फी न घेता, खेड्यातल्या मुलाला द्यायचा, ही कल्पना जिनिव्हाच्या संस्थापकांनाही सुचली नव्हती. पुढे शाळांची संख्या ८१ वर गेली. सरकार बदलले. २०२१ मध्ये मंडळ बंद झाले आणि त्या शाळा पुन्हा राज्य मंडळाकडे आल्या.

मंडळाच्या कामात उणिवा असतील. त्यांची छाननी व्हायलाच हवी होती. पण या मंडळाची एकही तुकडी दहावीपर्यंत पोचली नाही. तेव्हा अभ्यासक्रम चांगला होता की वाईट, हे ठरवायला पुरावाच गोळा झाला नाही. जिनिव्हात १९६२ ची शिक्षकांची परिषद आणि १९७६ मधली प्रयोगाची अखेर यांच्यात चौदा वर्षे आहेत. त्या काळात पैसा अनेकदा संपत आला, देशोदेशीची सरकारे शंका घेत राहिली, तरी प्रयोग पुरा होऊ दिला गेला. म्हणून आज दीडशेहून अधिक देशांतल्या पाच हजारांहून अधिक शाळा त्या नावाने चालतात. महाराष्ट्राने आपल्या प्रयोगाला तीन वर्षे दिली. हा निर्णय घाईचा होता.

आता पुन्हा एक संधी आली आहे. मुंबई महापालिकेने आपल्या 'मुंबई पब्लिक स्कूल' योजनेत राज्य मंडळाच्या जोडीला इतर मंडळांच्या शाळा सुरू केल्या आणि २०२२ मध्ये माटुंग्याला केंब्रिजची व विलेपार्ल्याला आयबीची शाळा उघडली. ज्या शिक्षणासाठी याच शहरात वर्षाला लाखो रुपये मोजले जातात, ते तिथे रिक्षाचालकाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला मोफत मिळणार आहे. या शाळांसाठी प्रशिक्षित शिक्षक टिकवावे लागतील, मुलांना मराठी साहित्याचा पर्याय पहिल्यापासून खुला ठेवावा लागेल, आणि दहावी-बारावीच्या समकक्षतेची कागदपत्रे आजच तयार करावी लागतील. महापालिकेत कुणाचीही सत्ता असो, या दोन शाळांची पहिली तुकडी बारावी होऊन बाहेर पडेपर्यंत त्यांना बंद करण्याचा विचार कुणी करू नये, आणि नागरिकांनीही तो करू देऊ नये.